धनाजी आणि एक इलेक्ट्रॉन

धनाजी गेल्याचा फोन मला आलाच नाही. मला आला तो, तो पडल्याचा. वाईला आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत नववीच्या मुली भिंगं घेऊन खिडकीपाशी उभ्या होत्या, समोरच्या झाडाची प्रतिमा कागदावर पाडायची धडपड चालली होती, आणि सांगलीहून त्याच्या घरमालकीणबाई बोलत होत्या, "तुमचे भाऊ बाथरूमच्या दारात पडलेत. बोलत न्हाईत. आमच्या ह्यांनी मिरजेला नेलंय दवाखान्यात. तुमी या." मी "येते" म्हणाले, आणि मग काय केलं, तर मुलींनी भिंगं पेटीत नीट ठेवली का ते पाहिलं. माणसाचे हात कसे असतात बघा... आपलं घर कोसळत असलं तरी ते नेहमीचं काम उरकून घेतात. साताऱ्याला एसटी बदलली. कराड मागे पडलं, तरी मी मनात त्याला रागावत होते, की हा नुसता चक्कर येऊन पडला असेल, उपाशी राहिला असेल, बघतेच आता. मिरजेला पोचले तेव्हा तो अतिदक्षता विभागात होता. रक्तदाब वाढून मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, "रक्तदाबाच्या गोळ्या नियमित घेत होते ना?" मी म्हणाले, "माहीत नाही." त्यानंतर तो शुद्धीवर आलाच नाही. काही दिवसांनी सकाळी मला आत बोलावलं, आणि तो गेला तेव्हा मी त्याच्या पायाशी उभी होते. त्यामुळे गेल्याचा फोन मला कुणी केला नाही. तो मीच केला, गावाकडे, आईला.

धनाजी माझा धाकटा भाऊ. बेचाळीस वर्षांचा होता. तो शास्त्रज्ञ होता असं लिहायला हात अडखळतो, कारण शेवटची काही वर्षं तो सांगलीत बारावीच्या मुलांना खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होता. आणि क्लासचा सर होता असं लिहावं, तर त्याच्या उमेदीच्या साऱ्या वर्षांवर काट मारल्यासारखं होतं. आमचं गाव पलूसजवळ. वडील फौजेत हवालदार होते, वर्षातून एकदा रजेवर यायचे. शेती आई बघायची. आणि धना? धना लहानपणी पक्का खोटारडा होता. हे मी प्रेमानेच लिहिते आहे. एकदा वडील रजेवर आले तेव्हा याने गल्लीत सांगितलं, की आमच्या दादांनी येताना रणगाडा आणलाय, तो मिरज स्टेशनवर उभा हाय, तेल संपलंय म्हणून. दोन पोरं खरंच मिरजेला जायला निघाली होती, त्यांना पलूसच्या स्टॅंडवरून धरून आणावं लागलं. आई कपाळाला हात लावून म्हणायची, "ह्यो पुढारी हुनार बघा." त्याचं खोटं मला मात्र लगेच कळायचं. खोटं बोलताना तो समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघायचा. खरं बोलताना तो कुठंही बघत असे, पायाकडे, आढ्याकडे, म्हशीकडे.

सांगलीच्या कॉलेजात बी.एस्सी. झाली, मग एम.एस्सी., आणि मग दूरच्या एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेत तो गेला तो तिथलाच झाला. पीएच.डी. तिथंच, पुढची नोकरीही तिथंच, पण मुदतीची, दोन-दोन वर्षांनी वाढवून मिळणारी. रविवारी फोन यायचा. "काय करतोस?" विचारलं की म्हणायचा, "थंड करतोय." बरेच दिवस मला तेवढंच माहीत होतं, की माझा भाऊ काहीतरी थंड करतो. मग एका सुट्टीत तो वाईला माझ्याकडे आला होता, तेव्हा संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसल्यावर मी हट्टच धरला. म्हटलं, माझ्या नववीच्या मुलींना सांगता येईल असं सांग. त्याने खूप वेळ घेतला आणि मग पाण्याकडे बघत सांगितलं.

"क्वांटम डॉट म्हणजे एक खड्डा समज, आक्का. सिलिकॉनच्या तुकड्यावर आम्ही धातूच्या अगदी बारीक रेघा काढतो. त्यांना व्होल्टेज दिलं की खाली हा खड्डा तयार होतो. इतका लहान, की त्यात एकच इलेक्ट्रॉन ठेवता येतो. आता इलेक्ट्रॉन म्हणजे एक इवलंसं चुंबक. त्यालाच स्पिन म्हणतात. बाहेरून चुंबकक्षेत्र लावलं की त्याचं तोंड वर तरी असतं, नाही तर खाली तरी. वर की खाली, तेवढंच मला मोजायचंय. पण ते चुंबक एवढं दुबळं, की सरळ मोजायला गेलं तर काहीच हाताला लागत नाही."

"मग?"

"मग त्याच्या ऊर्जेवरून ओळखायचं. वर तोंड असलेल्याची ऊर्जा जरा जास्त. खड्ड्याचा काठ असा बेतायचा, की जास्तवाला उडी मारून बाहेर पडेल आणि कमीवाला आतच राहील. शेजारून एक बारीक करंट वाहत असतो. इलेक्ट्रॉन बाहेर पडला की तो करंट हलतो. पडद्यावर सरळ रेघ चाललेली असते, तिच्यात एक उसळी येते. उसळी आली, म्हणजे वर होता. नाही आली, म्हणजे खाली होता."

"एवढंच?" मी म्हणाले.

"एवढंच," तो म्हणाला आणि हसला. "पण उष्णता जरा जरी असली तर कुठलाही इलेक्ट्रॉन उगाच उड्या मारतो. म्हणून सगळं अवकाशापेक्षाही थंड करावं लागतं. म्हणून तुला सांगतो, थंड करतोय."

हे सांगताना तो एकदाही माझ्याकडे बघत नव्हता. मी त्याला इतकं सुखात त्या आधी पाहिलं नव्हतं, आणि नंतर तर नाहीच.

पुढे त्याचा एक मोठा पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापून आला. एका इलेक्ट्रॉनचा स्पिन त्यांनी आजवरच्या पद्धतींपेक्षा अधिक खात्रीने वाचला होता, असा काहीसा त्याचा अर्थ. तो पेढे घेऊन गावी आला. आईने विचारलं, "काय घावलं रं तुला?" तो म्हणाला, "एका इलेक्ट्रॉनचं तोंड कुठल्या बाजूला हाय ते, आई." आई म्हणाली, "मग? कुठल्या बाजूला हाय?" आम्ही इतके हसलो... त्या पेपरवर त्याच्या नावाच्या मागोमाग आणखी एक नाव होतं, तहसीनचं. ही त्याच्याच प्रयोगशाळेत पीएच.डी. करणारी मुलगी, शिरवळची. तिच्या वडिलांचं शिरवळच्या पेठेत कापडाचं दुकान. एवढ्या लांब आपल्याकडची दोन माणसं भेटली म्हणून दोघांना अप्रूप. प्रयोगशाळेत दोघं मराठीत बोलायची, आणि बाकीच्यांना वाटायचं काही गुपित चाललंय. सुट्टीला येताना ती माझ्याकडेही एकदा उतरून गेली होती, लग्नाच्या वयाची, बडबडी, घाईघाईने जेवणारी पोर. तिचा सगळा प्रबंध त्या पेपरवर उभा होता. आणि धनाची एका विद्यापीठात कायमच्या जागेवर निवड झाली होती, ती सुद्धा त्या पेपरमुळेच. कागद यायचे तेवढे बाकी होते.

त्याच सुमारास ते घडलं. मला जे समजलं ते असं. प्रयोगाच्या मध्यावर एकदा तिथं वीज गेली होती आणि थंड करणारं मशीन बंद पडून तो सिलिकॉनचा तुकडा गरम झाला होता. परत थंड केला. पण असा तुकडा एकदा गरम झाला की परत थंड केल्यावर अगदी तोच राहत नाही, आतल्या बारीकसारीक दोषांत अडकलेले इलेक्ट्रॉन जागा बदलतात. पहिल्या वेळी, वीज जाण्याआधी, त्यांनी एक तपासणी केली होती. डॉट, म्हणजे तो खड्डा, पूर्ण रिकामा करायचा, आत एकही इलेक्ट्रॉन ठेवायचा नाही, आणि मग रेघेकडे बघायचं. आत कुणी नाही तर उसळी येताच कामा नये. दुसऱ्या वेळी ही तपासणी करायची राहिली. आणि पेपरातली बहुतेक मोजमापं दुसऱ्या वेळची. पेपर छापून आल्यावर, पुढच्या प्रयोगाची तयारी करताना एका दुपारी धनाने सहज डॉट रिकामा केला. तहसीन शेजारी बसली होती. रेघ सरळ चालली होती... आणि उसळी आली. मग आणखी एक. हुबेहूब तशाच. डॉटच्या शेजारी सिलिकॉनमध्ये एक दोष होता, तो एक इलेक्ट्रॉन पकडायचा आणि सोडायचा, पकडायचा आणि सोडायचा. त्यांनी ज्याला इलेक्ट्रॉनचा स्पिन म्हणून जगाला सांगितलं होतं, त्यातलं किती त्या डॉटमधल्या इलेक्ट्रॉनचं आणि किती त्या दोषाचं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

तो रजा घेऊन वाईला आला. पेपर मागे घेत असल्याचं पत्र लिहायला त्याला शांत जागा हवी होती. दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठोपाठ तहसीन आली. शिरवळहून सकाळच्या गाडीने, वडिलांना काही न सांगता. मी चहा टाकला. स्वयंपाकघरातून मला सगळं ऐकू येत होतं, आणि नंतर मीही बाहेर जाऊन बसले, कारण ते मला आत उभं राहून ऐकवेना.

"मोठे सर थांबा म्हणतायत ना," ती म्हणत होती. मोठे सर म्हणजे त्यांच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. "मशीन परत थंड होईल तेव्हा पुन्हा मोजू म्हणतायत. कदाचित आकडा तोच येईल. मग बारीक दुरुस्ती छापता येईल. थांबूया ना सर."

"डॉट रिकामा होता, तहसीन. मी केला रिकामा. तू शेजारी होतीस."

"होते. पण सगळंच खोटं नाही त्यात. खऱ्या उसळ्याही आहेत."

"आहेत," धना म्हणाला. "कुठल्या, ते दाखव मला."

ती एकदम रडायला लागली. "मला परत पहिल्यापासून करावं लागेल. मी करेन हो. पण घरचे करू देतील? अब्बा चार वर्षं लोकांना सांगतायत, पीएच.डी. आता होईल, आता होईल. तुमची निवड झालीय, तुम्हाला तरी..."

"माझीपण जाणार ती."

"मग कशासाठी?"

तो खूप वेळ जमिनीकडे बघत बसला. "आणखी दोन ठिकाणी लोक आपली पद्धत घेऊन बसलेत," तो शेवटी म्हणाला. "आपल्यासारखीच पोरं हायत ती. त्यांची पण वर्षं जातील." मग म्हणाला, "आणि खरं सांगू, मला नीट नाही सांगता येत. पण मला ते छापलेलं बघवत नाही."

ती चहा न घेता गेली. मी दारापर्यंत गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला, पण तिने तो खांदा उडवून झटकला. ती रागावली होती त्यात नवल काय? मला त्या दिवशी दोघंही बरोबर वाटत होते, आणि आजही वाटतात. धनाने संध्याकाळी पत्र पाठवलं. तपासणी राहून गेली ती आपल्यामुळे, असं त्यात त्याने स्वतःच्या एकट्याच्या नावावर लिहिलं होतं. ते पूर्ण खरं नव्हतं, काम दोघांचं होतं. मोठेपणी त्याने लिहिलेलं, मला माहीत असलेलं ते एकच खोटं.

कुणी त्याला वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. विद्यापीठाने सभ्यपणे कळवलं, की ती जागा तूर्त भरत नाही. संस्थेतली मुदत संपली ती वाढली नाही. मोठे सर फोनवर म्हणाले, "तू घाई केलीस, धनाजी," आणि त्यांचा आवाजही भरून आला होता म्हणे. जिथं जिथं मुलाखतीला जाई, तिथं कुणीतरी चष्मा वर करून विचारत असे, "तुमच्या नावावर हा एक मागे घेतलेला पेपर दिसतोय..." आणि हा पुन्हा पहिल्यापासून सांगत बसे. ऐकणारे मान डोलवत. "फार प्रामाणिकपणा दाखवलात," असंही म्हणत. आणि जागा दुसऱ्याला मिळे. अशी दोन वर्षं काढून तो सांगलीला आला. विश्रामबागेत एक खोली घेतली आणि एका क्लासमध्ये शिकवायला लागला.

शिकवायचा उत्तम. मुलं जीव टाकायची. पण संध्याकाळी खोलीवर आला की तो दिवा न लावता बसून असायचा, असं घरमालकीणबाईंनी मला सांगितलं. आई गावाकडे बोलवायची. त्याला जाववत नसे, कारण गावात अजून लोक त्याला "शास्त्रज्ञ" म्हणत. एकदा वर्गात फळ्यापाशी डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कायमच्या. मी दर रविवारी विचारायचे, "गोळी घेतोस ना रं?" तो म्हणायचा, "घेतो." फोनवर डोळे दिसत नाहीत. समोर असता, तर तो माझ्याकडे रोखून बघतोय का म्हशीकडे, एवढ्यावरून मला कळलं असतं.

तहसीनने मात्र सोडलं नव्हतं. तिच्या वडिलांनी नातेवाइकांची बोलणी खाल्ली पण पोरीला परत पाठवलं. नवा तुकडा, नव्या रेघा, पुन्हा थंड करणं. धनाशी ती बोलत नव्हती. दिवाळीला नाही, ईदला नाही. आणि मग गेल्या वर्षी एकदा त्याला तिचा फोन आला. "सर, आधी रिकामा करून बघितला. रेघ शांत आहे. मग एक आत घेतला. तुम्ही या. तुम्ही बघितल्याशिवाय मी कुणाला काही सांगणार नाही."

तो गेला. तिथं काय झालं ते तहसीननेच मला नंतर सांगितलं. ज्या प्रयोगशाळेची एक-एक वायर त्याने स्वतःच्या हाताने जोडली होती, तिथं शिरायला त्याला फाटकावर नाव लिहून पाहुण्यांचा बिल्ला गळ्यात घालावा लागला. तिने त्याला पडद्यासमोर बसवलं. आधी डॉट रिकामा केला. रेघ सरळ, कितीतरी वेळ सरळ. मग तिने एक इलेक्ट्रॉन आत घेतला, काठ बेतला. आणि उसळी आली. मग काही वेळा नाही आली, मग आली. धना दुपारभर तिथून हलला नाही. कुणी जेवायला बोलावलं तर हातानेच नको म्हणाला. संध्याकाळी म्हणाला, "परत रिकामा कर." तिने केला. रेघ परत सरळ. तो म्हणाला, "बरोबर आहे," आणि उठला. तहसीन म्हणाली, "सर, पेपरवर तुमचं नाव घालते. पद्धत तुमची आहे." तर म्हणाला, "नको. माझं नाव दिसलं की लोक परत शंका घेतील. तुझं तरी नीट होऊ दे."

येताना तो वाईला उतरला. मी इतकी आनंदात होते! म्हटलं, सुटला एकदाचा. पुरणपोळ्या केल्या. इतकी वर्षं त्याच्या छातीत जे अडकलं होतं ते निघालं असणार, असं धरून चालले होते. तो जेवायला बसला, एक घास खाल्ला आणि ताटाकडे बघत म्हणाला, "पाहिलं, आक्का. खरं होतं ते. अगदी आम्ही म्हणत होतो तसंच."

"मग? चांगलंच झालं की रं."

"व्हय." मग थोड्या वेळाने म्हणाला, "इतकी वर्षं मला वाटायचं, दिसलं नाही म्हणून असं होतंय. दिसलं की जाईल. आता दिसलं... तरी तसंच हाय गं."

मी काय काय बोलले. परत अर्ज कर म्हटलं, मोठ्या सरांना भेट म्हटलं, तहसीनला मदत लागेल म्हटलं. तो ऐकत होता. "तिथं आता माझं काही काम नाही," म्हणाला, चिडून नव्हे, एखादं उत्तर सांगावं तसं. पोळी ताटात तशीच राहिली. सकाळच्या एसटीने तो सांगलीला गेला, आणि त्यानंतर माझा भाऊ मला पूर्वीसारखा भेटला नाही. फोन दोन वाक्यांवर आला. वडील आदल्या वर्षी गेले होते, त्यांच्या वर्षश्राद्धाला तो गावी आला होता, ती आमची शेवटची भेट. बाजेवर बसून होता. आई दहादा म्हणाली, "धना, खा की रं." तो म्हणायचा, "खातो." कावळा घासाला शिवला तरी हा शिवला नाही. मी त्याला मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे नेण्याचं ठरवलं होतं, साताऱ्यात चौकशीही केली होती. मे महिन्याच्या सुट्टीत नेऊ म्हटलं. मे महिना आला तेव्हा तो नव्हता.

दिवस झाल्यावर मी त्याची खोली आवरायला सांगलीला गेले. कपाटात खालच्या कप्प्यात गोळ्यांची पाकिटं होती. दर महिन्याला आणलेली, नीट एकावर एक ठेवलेली, बरीचशी न फोडलेली. मी तिथंच फरशीवर बसले. विसरला असेल? बरं वाटतंय म्हणून सोडल्या असतील? मिरजेच्या डॉक्टरांना मी फोन केला, तर ते म्हणाले, "असे पेशंट आम्ही रोज बघतो. त्रास होत नाही म्हटलं की गोळी बंद करतात. तुम्ही दुसरं काही मनात आणू नका." मी आणत नाही. दिवसा आणत नाही. पण मग वाटतं, जो माणूस दुकानात जाऊन गोळ्या विकत आणतो आणि कपाटात ठेवून देतो, त्याच्या मनात काय असेल? आणायच्या तर घ्यायच्या का नाहीत, आणि घ्यायच्या नाहीत तर आणायच्या कशाला? ही गोष्ट आता कुठल्याही तपासणीने कळणार नाही. ज्याला विचारायचं तोच नाही.

तहसीन गावी आईला भेटायला आली, वडिलांना घेऊन. तिची पीएच.डी. झाली आहे. ती आईच्या पायाशी बसली. तिचे वडील बाहेर पुरुषमाणसांत बसले होते. शेवटी आईनेच तिला विचारलं, "तू धनाबरं काम करत व्हतीस न्हवं? काय बघायचं व्हतं गं त्याला एवढं?" तहसीनने सांगितलं. मी शास्त्राची शिक्षिका, पण मला जमलं नसतं इतकं साधं तिने सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं.

"मंजी घावलं का न्हाई त्याला?"

"घावलं, आई. मी स्वतः दाखवलं. दिवसभर बघत बसले होते सर."

आईला बरं वाटेल असं आम्हा दोघींना वाटत होतं. मग तिने तहसीनचा हात धरला आणि विचारलं, "बघितलं तर मग परत कशाला आला गं त्यो हितं?"

तहसीनने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आई उत्तराची वाट बघत होती, आणि मग तिने वाट बघणं सोडून दिलं. आता ती कुणालाच काही विचारत नाही.

त्याचा मोबाईल माझ्याकडे आहे. मी तो चार्ज करून ठेवते. सांगलीतल्या मुलांना सगळं ठाऊक आहे, पण आधीच्या बॅचची, बाहेरगावी गेलेली काही मुलं आहेत, त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ती अजून अडलेल्या गणिताचे फोटो पाठवतात. "सर, हा डाऊट." परवा कोल्हापुरात मामाकडे राहून पुन्हा परीक्षा देणाऱ्या एका मुलीने दोन कपॅसिटरचं गणित पाठवलं. तिला खरं सांगावं म्हणून मी लिहायला घेतलं, आणि जमेना. मग शाळेतून आल्यावर ते गणितच सोडवलं, कागदाचा फोटो काढून पाठवला. थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं. "थँक यू सर. पण सर, तुम्ही नेहमी उत्तराच्या खाली लिहिता, हे कुठं चुकलेलं असू शकतं ते. या वेळी नाही लिहिलं."

मला त्याची ही सवय माहीत नव्हती. मी फोनमध्ये मागे मागे गेले. खरंच, प्रत्येक उत्तराच्या खाली त्याच्या तिरक्या अक्षरात एक ओळ आहे. इथं चिन्ह बघ. इथं मी घर्षण सोडून दिलंय. हे गृहीत धरलंय, ते बरोबर नसेल तर सगळं चुकेल.

तो कागद माझ्या टेबलावर आहे. मुलगी वाट बघते आहे. मी पुन्हा पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचते, आणि कुठं चुकलं असेल, ते मला सापडत नाही.